विमान पाहुणं, जमीन घरची: जुन्या फोटोवरून विमानतळ कसा ओळखायचा

आत्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत एक अल्बम निघाला. काळ्या जाड कागदाचा, फोटोंना कागदी कॉर्नर लावलेला, मधल्या बटर पेपरचा चुरा झालेला. आत्याचे सासरे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते. एका फोटोत चार जण हाफ पँटीत उभे आहेत, मागे विमानाची शेपटी आणि पंखाचा तुकडा, त्याच्यामागे डोंगर. फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत एकच शब्द: ‘इंफाळ’. आत्याचा प्रश्न साधा होता. “अरे, हे नक्की कुठे उभे आहेत, सांगशील का?”

मी दोन संध्याकाळी विमानावर घालवल्या. शेपटीच्या आकारावरून ते सी-४७ निघालं, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे डाकोटा म्हणतात ते. ही विमानं दहा हजारांहून जास्त बनली आणि युद्धात जगभर फिरली. थोडक्यात, दोन संध्याकाळींची कमाई शून्य. आणि ‘इंफाळ’ म्हणाल तर १९४४ साली त्या खोऱ्यात एक नाही, सहा धावपट्ट्या होत्या: कोइरेंगेई, तुलिहाल, कांगला, पालेल, वांगजिंग आणि सापम. नुसतं इंफाळ लिहिणं म्हणजे पाकिटावर नुसतं ‘पुणे’ लिहून पत्र पोस्टात टाकणं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. विमान हा पाहुणा आहे, आज आला, उद्या गेला. घरची माणसं म्हणजे डोंगराची कड, झाडं, माती, हँगर, कुंपण, मागच्या शेताचा बांध. विचारपूस त्यांच्याकडे करायची. विमान फार तर ‘केव्हा’ सांगतं, ‘कुठे’ ते जमीन सांगते. पुढची सगळी कृती याच क्रमाने आहे.

पहिलं काम: फोटो नीट हातात घ्या

मोबाइलने अल्बमच्या पानाचा फोटो काढून काम सुरू करू नका. काच आणि बटर पेपर यांची चकाकी नेमकी क्षितिजावर पडते, आणि आपल्याला क्षितिजच हवं असतं. साधा फ्लॅटबेड स्कॅनर चालतो. बोटभर लांबीचे जुने प्रिंट १२०० डीपीआयला स्कॅन करा, मोठे असतील तर ६०० पुरे. फाइल टिफमध्ये ठेवा. कडा कापू नका, पांढरी चौकटसुद्धा राहू द्या. पाठीमागची बाजूही स्कॅन करा, ती कोरी दिसत असली तरी: पेन्सिलीने लिहिलेलं पुसट झालेलं असतं, ते स्कॅनचा कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर वर येतं. स्टुडिओचा शिक्का, सेन्सॉरचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, काहीही सोडू नका. अल्बममध्ये तो फोटो कितव्या पानावर, कोणाच्या शेजारी होता हेही लिहून ठेवा. एकाच रोलमधले फोटो बहुतेक शेजारी-शेजारी चिकटवलेले असतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात सापडतं.

फोटो चिकटवलेला असेल तर ओढून काढू नका. माझ्या हातून एक असा फाटला आहे, आणि फाटला तो नेमका मागच्या अक्षरांवर.

फोटो उलटा तर नाही ना?

हे एका मिनिटाचं काम आहे आणि लोक तेच विसरतात. निगेटिव्ह पालथी ठेवून छापली की डाव्याचं उजवं होतं, आणि मग जगातल्या कुठल्याही डोंगराशी तुमची कड जुळत नाही. विमानावरची अक्षरं बघा. अक्षरं नसतील तर माणसांचे शर्ट बघा: पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. चारही जणांची उजवी पट्टी वर असेल तर फोटो पलटवा.

मथळा बाजूला ठेवा आणि जे दिसतं ते लिहा

मागे लिहिलेलं नाव खोटं असतं असं नाही. पण ते बऱ्याचदा वीस-तीस वर्षांनी, आठवणीतून, कधीकधी मुलीने किंवा सुनेने लिहिलेलं असतं. म्हणून मथळा हा शेवटचा साक्षीदार. आधी कागदावर नुसती यादी करा, अर्थ न लावता. ‘डोंगर’ लिहू नका. ‘डावीकडून उजवीकडे चढत जाणारी कड, मधे दोन खाचा, उजवीकडे फोटोबाहेर जाते’ असं लिहा. ‘हँगर’ लिहू नका. ‘गोल छपराची, दरवाजा नसलेली, पत्र्याची शेड’ असं लिहा. कंटाळवाणं वाटतं, पण एकदा ‘हा जुहूच’ असं मनाने घेतलं की पुढे सगळीकडे जुहूच दिसायला लागतो.

काळाची चौकट

इथे विमानाला बोलवा. त्याला एकच प्रश्न विचारायचा: हा फोटो कधीच्या आधीचा असूच शकत नाही?

आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण जेआरडी टाटांचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान पस मॉथ, नोंदणी व्हीटी-एडीएन. त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. याच उड्डाणाची आठवण म्हणून जेआरडींनी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते मुंबई उड्डाण केलं, तेव्हा विमान लेपर्ड मॉथ होतं. दोन्ही डी हॅविलंड कंपनीची, दोन्ही एका पंखाची, दोन्ही बंद केबिनची. त्यामुळे नंतरच्या उड्डाणांचे फोटो ‘१९३२’ म्हणून सर्रास फिरतात. ओळखायचं कसं? पस मॉथच्या पंखाची रुंदी मुळापासून टोकापर्यंत जवळपास सारखी असते, लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होतो. आणि लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं तेच मे १९३३ मध्ये. म्हणजे निमुळता पंख दिसला की १९३२ बाद, वादच नाही.

युद्धकाळातल्या फोटोंत विमानावरची खूण याहून उपयोगी पडते. अमेरिकी ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये गेला. जून १९४३ मध्ये ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि भोवती लाल कड आली. ती लाल कड ऑगस्ट १९४३ मध्ये निळी झाली, आणि जानेवारी १९४७ मध्ये पट्ट्यांच्या मधोमध लाल रेघ आली. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांनी आपल्या गोल खुणेतला लाल ठिपका काढला तो जपानी लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून, उरली निळी आणि फिकट निळी वर्तुळं. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र होतं आणि २६ जानेवारी १९५० पासून केशरी-पांढरं-हिरवं.

कृष्णधवल फोटोत रंग ओळखताना मात्र जपून. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, तो काळा येतो, आणि निळा चांगलाच फिका येतो. पँक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मवर हिशोब वेगळा. ‘गडद आहे म्हणजे निळा’ हा तर्क करून मी एकदा अख्खा आठवडा चुकीच्या वर्षात फिरलो आहे.

आता जमीन

इथे घाई नको. फोटो स्क्रीनवर मोठा करा, माणसं आणि विमान कागदाच्या तुकड्याने झाका, आणि उरलेलं बघत बसा.

आधी क्षितिज. टाटांच्या टपालसेवेचेच सुरुवातीच्या वर्षांतले फोटो घ्या. ‘जुहू’ म्हणून छापलेल्या एखाद्या फोटोत मागे सपाट माथ्याच्या टेकड्यांची रांग दिसते आणि ताडामाडाचं नाव नसतं. जुहू म्हणजे समुद्राकाठची चिखलट, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी जागा. म्हणूनच पावसाळा आला की टाटांची सगळी मंडळी बाडबिस्तरा उचलून पुण्याला यायची आणि येरवड्याला, तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून उडायची. म्हणजे त्या फोटोतल्या टेकड्यांनी ‘येरवडा’ हा एक नवा उमेदवार उभा केला, आणि महिना बहुधा जून ते सप्टेंबर. उलट बाजूने सावध राहा: जुहूजवळ अंधेरीला गिल्बर्ट हिल एकटीच उभी आहे. एकुलती एक टेकडी दिसली म्हणून जुहू बाद करू नका. रांग आणि सुटी टेकडी यात फरक आहे.

मग इमारती. साध्या पत्र्याच्या हँगरवरून काही ठरत नाही, कारण ते सुटे भाग जोडून उभे करायचे आणि सगळीकडे एकाच मापाचे असायचे. पण काही इमारती एकट्याच असतात. कराचीला ब्रिटिशांनी आर-१०१ या गॅसवर तरंगणाऱ्या महाकाय हवाई जहाजासाठी एक अजस्र शेड बांधली होती. लोक तिला काला छप्पर म्हणायचे. आर-१०१ ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये बोवेजवळ कोसळलं, कराचीला कधी पोचलंच नाही, पण शेड पुढची कितीतरी वर्षं उभी होती. उपखंडात तिच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. छोट्या विमानामागे धुक्यात डोंगराएवढा काळा चौकोन दिसला तर आधी कराची तपासा. फक्त इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनशी गल्लत होऊ देऊ नका, तिथे अशा दोन शेड शेजारी-शेजारी आहेत.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर, तिथलं काम आपल्यापेक्षा सोपं आहे, जरा हेवा वाटावा इतकं. १९४२ नंतरच्या बॉम्बर तळांचा आराखडा ठरलेला: तीन धावपट्ट्या, एकमेकींना साधारण ६० अंशांत छेदणाऱ्या, मुख्य २००० यार्डांची, बाकी दोन १४०० यार्डांच्या, भोवती गोल फिरणारा रस्ता आणि त्याला लटकलेले चष्म्याच्या आकाराचे विमान उभे करायचे ओटे. शिवाय प्रत्येक तळाला दोन अक्षरांची खूण, ती टॉवरजवळ जमिनीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली. डक्सफर्डची डीएक्स. रात्री हीच अक्षरं लाल दिव्याने मोर्समध्ये लुकलुकायची, आणि त्या दिव्याला इंग्रज चक्क ‘पंडित’ म्हणायचे.

आपल्याकडे असं काही नाही, म्हणून पायाखाली बघा. पृष्ठभाग बराच बोलतो. भोकांची लोखंडी पत्र्यांची जमीन दिसली तर ती अमेरिकी पट्टी: एक पत्रा १० फूट लांब, १५ इंच रुंद, ८७ भोकांचा. ती १९४१ च्या अखेरीस आली, त्यामुळे तारखेलाही मदत होते. आणि माप म्हणून तर सोनंच, कारण फोटोत ठरलेल्या लांबीची पट्टीच आपोआप मिळते. ईशान्य भारतात हे पत्रे नंतर कुंपणांना लागले. ब्रह्मदेशाच्या बाजूला दुसरा प्रकार: डांबरात भिजवलेलं गोणपाट एकावर एक सरकवून अंथरायचे. फोटोत ते काळपट दिसतं आणि त्यावर समांतर जोडांच्या रेघा दिसतात, चटया अंथरल्यासारख्या.

माणसंही जमिनीचाच भाग. १९४४ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बरसाठी खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी या पट्ट्यांत मोठ्या धावपट्ट्या झाल्या आणि त्याच वेळी चीनमध्ये चेंगदूभोवतीही. दोन्हीकडचे बांधकामाचे फोटो एकमेकांत मिसळलेले सापडतात. शेकडो माणसं दोरखंडाने दगडी रोलर ओढताहेत, रुंद काठाच्या विणलेल्या टोप्या आहेत, तर चेंगदूकडे झुका. बायका डोक्यावर चुंबळ आणि टोपलं घेऊन रांगेत चालल्या आहेत, तर भारत. खांद्यावरच्या कावडीवर मात्र विश्वास ठेवू नका. ती चीनमध्ये आहे तशी बंगालातही आहे.

आणि एक धोक्याची सूचना. विमान उभं आहे म्हणजे तो विमानतळच, असं नाही. युद्धात कलकत्त्याच्या रेड रोडवरून लढाऊ विमानं उडायची, तिथल्या फोटोत धावपट्टीच्या कडेला रस्त्याचे कठडे दिसतात. मोठं विमान म्हणजे मोठा विमानतळ, असंही नाही. जुलै १९५३ मध्ये एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ पुन्हा तसंच. जुहूची मुख्य धावपट्टी ०८/२६ आणि सांताक्रूझची ०९/२७, जवळजवळ एकाच रोखाच्या आणि काही किलोमीटरच्या अंतरात. जिथे वैमानिक फसले तिथे फोटो बघणारे आपण कोण!

सावली

सावलीवरून दिशा काढता आली की अर्धे उमेदवार गळतात. पण पाश्चात्त्य मार्गदर्शकांत ‘दुपारची सावली उत्तरेला’ असं लिहिलेलं असतं ते आपल्याकडे डोळे मिटून वापरू नका. शून्य सावली दिवस आपण सगळ्यांनी ऐकला आहे. पुण्या-मुंबईत तो मेच्या मध्याला येतो, तेव्हापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. इंफाळ २४.८ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या वर. तिथे मध्यान्हीची सावली बारा महिने उत्तरेलाच.

कृती अशी. फोटोत सरळ उभा असलेला माणूस शोधा. त्याची उंची आणि सावलीची लांबी मोजा. सावली कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर ती आखडलेली दिसते, तेव्हा हे माप अंदाजाचंच. सावली उंचीच्या निम्मी असेल तर सूर्य सुमारे ६३ अंशांवर, उंचीएवढी असेल तर ४५ वर. मग सनकॅल्कसारख्या संकेतस्थळावर संशयित जागा टाका आणि सूर्य त्या उंचीवर कोणत्या तारखांना, किती वाजता येतो ते बघा. उत्तर कधीच एक येत नाही, सकाळ-दुपारच्या जोड्या येतात. त्या सगळ्या लिहून ठेवा, आवडती एक नाही.

फोटोत घड्याळ दिसलं तर आनंदाने उडी मारण्याआधी आठवा: सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारताची घड्याळं एक तास पुढे होती. आणि मुंबईत स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं ‘बॉम्बे टाइम’ चालत होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

फोटो आकाशातून घेतलेला असेल तर

मग काम बदलतं. इथे ओळखायचं कमी आणि मोजायचं जास्त. लष्करी हवाई फोटोच्या कडेला एक पट्टी असते: उड्डाणाचा क्रमांक, तारीख, वेळ, भिंगाचं नाभीय अंतर, उंची. वेळेपुढे झेड असेल तर ती ग्रिनिच वेळ. कोणीतरी फोटो ‘सुंदर’ करायला ही पट्टी कापलेली असेल तर मूळ प्रतीचा शोध घ्या, तेवढ्यासाठी चार पत्रं लिहावी लागली तरी.

प्रमाण काढणं शाळेतलं गणित आहे. भिंगाचं नाभीय अंतर २४ इंच, म्हणजे २ फूट. उंची २४,००० फूट. २ भागिले २४,००० म्हणजे १:१२,०००. प्रिंटवर धावपट्टी १९० मिलिमीटर भरली तर जमिनीवर १९० गुणिले १२,०००, म्हणजे २,२८० मीटर. फक्त उंची समुद्रसपाटीपासूनची असेल तर जमिनीची उंची वजा करा. पुणे साधारण ५६० मीटर उंचावर आहे, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो.

पट्टीच नसेल तर विमानालाच फूटपट्टी करा. बी-२९ च्या पंखांची लांबी ४३ मीटर, डाकोटाची २९. समजा उभं बी-२९ प्रिंटवर ३.६ मिलिमीटर आहे आणि धावपट्टी १९०. १९० भागिले ३.६ गुणिले ४३, म्हणजे सुमारे २,२७० मीटर, जवळजवळ ७,५०० फूट. बंगाल-बिहारकडच्या बी-२९ तळांच्या धावपट्ट्या याच मापाच्या होत्या, चेंगदूच्या ८,५०० फुटांच्या. दोन्ही उत्तरांमधलं अंतर आपल्या चुकीपेक्षा मोठं आहे का, हे तपासा: विमान ३.६ ऐवजी ३.५ मोजलं असतं तर ७,६५० फूट आले असते. तरी ८,५०० होत नाहीत. म्हणजे या मापावर भिस्त ठेवायला हरकत नाही.

धावपट्टीच्या टोकावर आकडा दिसला तर तो चुंबकीय दिशेचा दहावा भाग असतो: ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व. भारतात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जेमतेम हलते, म्हणून जुना आकडा आजच्या नकाशाशी ताडता येतो. इंग्लंडमध्ये १९४० च्या सुमाराला हा फरक १० अंशांच्या आसपास होता आणि आता जवळजवळ शून्यावर आला आहे. तिथे जुन्या २८ ची आज २७ झालेली असू शकते.

नकाशे आणि सातबारा

उमेदवारांची यादी तीन-चारवर आली की नकाशे उघडा. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात भारताची १:२,५०,००० प्रमाणाची यू-५०२ ही मालिका छापली, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती जालावर मोफत ठेवली आहे. युद्धकाळातल्या कितीतरी पट्ट्या तिच्यात दिसतात. त्यानंतर कोरोना. हा अमेरिकेचा १९६० ते १९७२ चा हेरगिरीचा उपग्रह कार्यक्रम, त्याचे फोटो १९९५ मध्ये खुले झाले आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर मिळतात. गूगल अर्थवर आज जिथे घरं दिसतात तिथे कोरोनात पट्टी स्वच्छ उमटलेली असते. गूगल अर्थमध्येही जुन्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे, आणि उन्हाळ्यातली निवडा. पीक नसताना नांगरलेल्या शेतातून जुन्या पट्टीची फिकी रेघ उठून दिसते.

जे परदेशी पुस्तकांत सापडत नाही ते आपलं साधन म्हणजे गावचा नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. सरकारने युद्धात जमीन घेतली ती सरळ रेषेत घेतली, शेताचे बांध बघून नाही. त्यामुळे वेड्यावाकड्या गटांमधून एक लांबलचक सरळ पट्टा आरपार गेलेला दिसला आणि सातबाऱ्यावर संरक्षण खात्याचं किंवा सरकारचं नाव असलं, की पुढे खणा. कल्याणजवळच्या नेवाळीची युद्धकाळातली धावपट्टी आपल्याला ठाऊक आहे ती २०१७ मध्ये तिथल्या जमिनीच्या वादातून शेतकरी रस्त्यावर उतरले म्हणून. विमान सत्तर वर्षांपूर्वी गेलं, जमीन अजून बोलतेय.

जुळवणीसाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. हवाई फोटो आजच्या चित्रावर बसवताना न बदललेले निदान पाच-सहा बिंदू घ्या: देवळाचा कळस, रेल्वेचा पूल, तळ्याचा कोपरा. तीन बिंदूंवर तर कुठलाही फोटो कुठेही बसतो. जमिनीवरून काढलेल्या फोटोसाठी गूगल अर्थ जमिनीच्या पातळीवर आणा आणि डोंगराची कड ताडून बघा. आकाराकडे जाऊ नका, खाचांमधली अंतरं बघा. भिंगाप्रमाणे डोंगर बुटका-उंच होतो, खाचांचं आपसातलं प्रमाण टिकतं.

फोटोवरून जागा ओळखून देणारे मोबाइल ॲप मी वापरून बघतो, पण ते ‘माहीत नाही’ म्हणायला तयार नसतात. उमेदवार सुचवायला ठीक, निकाल द्यायला नाही. आणि प्रत्यक्ष जागेवर जायचं असेल तर आधी ती आज कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. यातल्या कितीतरी पट्ट्या अजून हवाई दलाकडे आहेत. कुंपणाशी कॅमेरा घेऊन घुटमळू नका, ड्रोन तर मुळीच नको.

कागद

जागा आणि काळ दोन्ही हातात आले की मग दप्तर. ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक तुकडीची दैनंदिनी लंडनमध्ये क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे: स्क्वाड्रनची ‘एअर २७’ या गटात, तळांची ‘एअर २८’ मध्ये. कोणती तुकडी कोणत्या आठवड्यात कुठे होती, हे त्यात तारीखवार सापडतं. पण घरचे कागद आधी. सर्व्हिस बुक, पेन्शनची पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, पोस्टकार्डावरचा शिक्का.

निकाल लिहायचा कसा

मी चार शब्द वापरतो: नक्की, बहुधा, शक्य, बाद. आणि प्रत्येकापुढे एक ओळ, कशामुळे मत बदलेल याची. ही ओळ लिहिता येत नसेल तर आपण शोध घेतला नाही, फक्त आवड सांगितली.

आत्याचा फोटो असा सुटला. शेपटीजवळ अर्धवट दिसणारा तारा, बाजूला पट्टी, कड गडद, मधे रेघ नाही: ऑगस्ट १९४३ नंतरचा, १९४७ च्या आधीचा. सासऱ्यांच्या सर्व्हिस बुकात ऑगस्ट १९४४ मध्ये अंबाल्याला बदली. मागे भाताची खुंटं उरलेली कोरडी शेतं, म्हणजे पावसाच्या आधीचे महिने. ते १९४४ च्या सुरुवातीचे, मार्चमध्ये जपान्यांचा वेढा पडत असताना पाचवी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशातल्या आराकानमधून विमानांनी इंफाळला आणली त्याच सुमाराचे.

जागेचं मात्र शेवटपर्यंत अडलं. शेताच्या पलीकडे लगेच डोंगराचा पायथा लागतो, म्हणजे खोऱ्याच्या मधल्या पट्ट्या मागे पडल्या. पालेल खोऱ्याच्या आग्नेय टोकाला, तामूच्या रस्त्यावर, डोंगराला टेकून आहे. कोइरेंगेई उत्तरेला, तिथेही डोंगर जवळ. चौघांच्या सावल्या निम्म्या उंचीच्या आणि कॅमेऱ्याकडे येणाऱ्या, म्हणजे सूर्य डोंगराच्या बाजूला. मार्चच्या मध्याची मध्यान्ह धरली तर डोंगर दक्षिणेला, एप्रिलची सकाळ धरली तर आग्नेयेकडे किंवा पूर्वेकडे. दोन्हीत पालेल बसतं. पण हाच सूर्य एप्रिलच्या दुपारनंतरचाही असू शकतो, तेव्हा डोंगर पश्चिमेकडे येतो आणि पालेल कोसळतं. शिवाय खोऱ्यात लांगोल, नोंगमाइचिंगसारख्या सुट्या टेकड्याही आहेत. कडेवरच्या दोनच खाचा फोटोत आल्या आहेत, तिसरी सासऱ्यांच्या शेजारच्या माणसाच्या टोपीमागे आहे.

मी अल्बममध्ये फोटोखाली मऊ पेन्सिलीने लिहिलं: ‘बहुधा पालेल, मार्च-एप्रिल १९४४, फोटो दुपारनंतरचा नसेल तर.’ आत्याने चष्मा लावून ते वाचलं, बहुधा या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पान उलटलं. पुढच्या फोटोत एक बादली, एक कुत्रा आणि लांबवर ताडाची चार झाडं आहेत. मागे काहीच लिहिलेलं नाही.